शेगडी बंद केल्यावरचा ओटा

कच्च्या आहारात अन्न साधारणपणे ४६ ते ४८ अंश सेल्सियसच्या पुढे तापवले जात नाही. फळे, पालेभाज्या, काकडी-गाजर-मुळा, मोड आलेली कडधान्ये, भिजवलेले दाणे, ओला नारळ, तीळ-जवसासारख्या बिया, एवढ्यावर तो उभा असतो. कुकर, कढई आणि तवा गेला की जागा मोकळी झाली आणि कामही संपले, असा त्याबद्दल समज असतो. मुंबईतल्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर भागांतल्या घरांत असा ओटा प्रत्यक्ष लावायला घेतला की उलटाच अनुभव येतो. शेगडी अन्न शिजवते आणि त्याच वेळी ते निर्धोकही करते. पालेभाजीला लागलेले गढूळ पाणी, विळीच्या पात्यावर राहिलेला कालचा अंश, फ्रिजमध्ये दोन दिवस पडून राहिलेली कोथिंबीर, या सगळ्यांवर उकळी हा उपाय रोज न बोलता होत असतो. उकळी गेली की तिचे काम पाणी, धुणे, धार आणि थंडावा यांच्यात वाटून द्यावे लागते. साधने निवडताना आधी ही वाटणी करायची असते. यंत्रांचा विचार त्यानंतर.

खरेदीची सुरुवात मात्र बहुतेक घरांत महागड्या ब्लेंडरने किंवा कोल्ड प्रेस ज्यूसरने होते. या आहाराच्या इतिहासात अशा यंत्रांना फारसे स्थान नाही. झुरिचचे डॉक्टर माक्सिमिलियन बिर्शर-बेनर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्या रुग्णांना भिजवलेले ओट, लिंबाचा रस, सुक्या मेव्याचा कूट आणि सालीसकट किसलेले सफरचंद देत. आज म्यूसली म्हणून विकला जाणारा पदार्थ तो हाच. त्यासाठी लागणारे मुख्य अवजार होते किसणी. गांधीजींनी १९२९ मध्ये न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला आणि त्याची हकीकत ‘यंग इंडिया’त लिहिली. मोड आलेले गहू, वाटलेले बदाम, ठेचलेला हिरवा पाला, लिंबू आणि मध असा त्यांचा आहार होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आमांशाने गाठल्यावर त्यांना तो थांबवावा लागला. पुढे १९४६ मध्ये त्यांनी उरुळीकांचनला निसर्गोपचाराचे केंद्र सुरू केले. शंभर वर्षांपूर्वी वाटायला पाटा होता आणि किसायला किसणी होती. त्या वेळी नव्हते ते घरोघरी शुद्ध पाणी आणि फ्रिज. आज कच्च्या आहाराचा ओटा लावताना पहिला खर्च याच दोन गोष्टींवर व्हायला हवा.

जागेचा प्रश्न सगळ्यात आधी समोर येतो. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या इमारतींत २६९ चौरस फुटांची घरे आहेत, अलीकडच्या योजनांत ३०० चौरस फुटांची. जुन्या सोसायट्यांतल्या वन बीएचकेचे स्वयंपाकघरही फार मोठे नसते. पाच-सहा फुटांचा ओटा, त्याच्या एका टोकाला सिंक, मध्ये शेगडी, कोपऱ्यात मिक्सर. शिजवल्यावर जुडीभर पालक वाटीभर उरतो. कच्चा पालक परातभर होतो आणि परातभरच राहतो. एका माणसाला दिवसाला दीड-दोन किलो फळे-भाज्या सहज लागतात. ती धुवायची, निथळायची, चिरायची आणि साठवायची सोय करायची म्हटले की ओटा अपुरा पडतो. म्हणून उंच भांड्यांची रांग कमी करून रुंद तोंडाची दोन मोठी पातेली, एक परात, दोन रोळ्या आणि सिंकवर आडवी बसणारी निथळणी एवढे आधी ठेवावे. निथळणीमुळे सिंकचीच जागा कामाला येते आणि ओट्याची लांबी दोन फुटांनी वाढते. सालींचा ओला कचराही दुप्पट होतो. त्यासाठी झाकणाचा डबा हवा आणि तो रोज रिकामा व्हायला हवा. पिकलेल्या फळांवर चिलटे आणि डब्याखाली झुरळे यायला एक रात्र पुरते.

घरातले सगळेच कच्चे खाणारे असतात, असे क्वचितच घडते. बहुधा एकाने हा आहार धरलेला असतो आणि बाकीच्यांचा वरण-भात, पोळी-भाजी चालूच असते. मालवणी घरांत, वर्सोव्यासारख्या कोळीवाड्यांत त्याच सिंकमध्ये बोंबील आणि सुरमईही साफ होते. अशा घरात दोन सुऱ्या आणि चिरायच्या दोन पाट्या वेगळ्या ठेवणे ही खरी अट आहे. पाट्यांचे रंग वेगळे असले तर घरात येणाऱ्या स्वयंपाकाच्या बाईंनाही पुन्हा पुन्हा सांगावे लागत नाही. मासळी साफ करायची वेळ आणि कोशिंबिरीची भाजी धुवायची वेळही वेगळी ठेवावी. मासळीनंतर सिंक साबणाने घासून घेतल्याशिवाय पालक त्यात पडता कामा नये.

मुंबईचे पाणी तुळशी, विहार, तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांतून येते. त्यातल्या बऱ्याचशा पाण्यावर भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात प्रक्रिया होते आणि तिथून निघताना ते चांगलेच असते. अडचण पुढच्या वाटेवर होते. उपनगरांत पालिकेचे पाणी ठरलेल्या काही तासांपुरते येते, सोसायटीच्या तळटाकीत पडते, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि मग नळाला येते. नळ बंद असताना जलवाहिनीतला दाब उतरतो आणि कुठे गळती असली तर बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ शकते. पावसाळ्यात आणि दुरुस्तीनंतर पालिका पाणी गाळून आणि उकळून प्यायला सांगते, त्यामागचे कारण हे आहे. शिजवणाऱ्या घरात ही सूचना पिण्याच्या पाण्यापुरती पाळली तरी भागते. कच्चे खाणाऱ्या घरात ती भाजी धुण्याच्या शेवटच्या पाण्यालाही लागू होते. त्यामुळे शुद्धीकरणाचे यंत्र पिण्याच्या हिशेबाने घेऊन चालत नाही. भिजवणे, मोडांना पाणी देणे आणि शेवटचे धुणे यासाठी दिवसाला पंधरा-वीस लिटर पाणी जास्त धरावे लागते.

यंत्र कोणते घ्यावे, याचे उत्तर पाणी कुठून येते यावर ठरते. तलावाच्या पाण्यात क्षार मुळात कमी असतात. त्याला आरओची गरज नसते. आरओ बरेचसे पाणी सांडून देतो, आणि पिंप भरून ठेवावे लागते त्या घरात ही उधळपट्टी आहे. गाळणी आणि यूव्ही दिवा असलेले यंत्र पालिकेच्या पाण्याला पुरते. सोसायटी टँकरवर किंवा बोअरवेलवर चालत असेल तिथे मात्र आरओ लागतो. यंत्राइतकेच महत्त्व सोसायटीच्या टाक्या वर्षातून किती वेळा साफ होतात याला आहे, आणि हा प्रश्न सर्वसाधारण सभेत विचारायला काही खर्च येत नाही.

पालेभाजीवर सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त काळजी खर्च होते. मध्य रेल्वेने घाटकोपरहून मुलुंडकडे जाताना रुळांलगत पालक, लाल माठ आणि मुळ्याचे वाफे अनेक वर्षे दिसत, आणि अशा भाजीला नाल्याचे पाणी मिळते ही तक्रार शहरात फार जुनी आहे. बोरिवलीच्या बाजारात वसईच्या वाड्यांमधली भाजी आणि वेलची केळी येतात. विकणारी बाई स्वतः पिकवणारी असेल तर भाजीला कुठले पाणी दिले, हे तिला सरळ विचारता येते. शिजवून खाणाऱ्याला ही चौकशी जास्तीची वाटेल, कच्चे खाणाऱ्याने ती केलीच पाहिजे. मैलापाण्यातून पाल्याला चिकटणारी फीतकृमीची अंडी पोटात गेली की त्यांच्या अळ्या मेंदूपर्यंत पोचून गाठी करू शकतात आणि माणसाला फिट येऊ लागतात. आयुष्यभर मांसाहार न केलेल्यांनाही हा आजार होतो, तो याच वाटेने. या अंड्यांवर क्लोरीनचा फारसा परिणाम होत नाही. ती वाहत्या पाण्याखाली, पान पान चोळूनच जातात.

धुण्याची रीत ठरलेली असावी. आधी जुडी सोडून मुळे आणि सडकी पाने काढावीत. रुंद पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाने त्यात बुडवावीत, हलवावीत आणि पाण्यातून वर उचलून घ्यावीत. पातेले उपडे करून पाणी ओतले तर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. तळाला माती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदलावे, मग नळाखाली पाने चोळून धुवावीत. जंतूंसाठी त्यानंतर क्लोरीनचे पाणी वापरता येते. त्याची तीव्रता ५० पीपीएम असावी. सोडियम हायपोक्लोराइटचे ५ टक्क्यांचे, सुवास आणि साबण नसलेले द्रावण असेल तर एका लिटरला १ मिलिलिटर एवढे त्याचे प्रमाण. काही मिनिटांनी पाने शुद्ध पाण्यातून काढावीत. मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने किडे सुटतात, जंतूंसाठी त्यावर विसंबू नये. शेवटी पाने कोरडी करणे आलेच, कारण ओला पाला डब्यात दुसऱ्या दिवशी चिकट होतो. धुवायच्या टप्प्यात पैसे घालण्यासारखे यंत्र एकच, हाताने फिरवायची निथळणारी टोपली. ती नसेल तर दोन स्वच्छ सुती पंचे तेच काम करतात, फक्त ते रोज धुऊन उन्हात वाळवले पाहिजेत.

पावसाळ्यात एवढे करूनही पालेभाजीचा भरवसा देता येत नाही. घाटकोपर आणि मुलुंडच्या जैन घरांत चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य असते. त्यामागे जीवदयेचा विचार आहे, पण आषाढ-श्रावणातल्या कच्च्या आहारालाही तोच नियम सर्वांत सुरक्षित ठरतो. त्या महिन्यांत ज्यांची साल काढता येते अशा वस्तूंवर भर द्यावा, म्हणजे काकडी, गाजर, बीट, पपई, केळी, डाळिंब आणि नारळ.

चिरण्याच्या साधनांच्या बाबतीत मराठी घर आधीच सधन असते. विळी, तिच्या टोकाची खवणी, किसणी, सोलाणे ही सगळी कच्च्या अन्नाची अवजारे आहेत. कोशिंबीर, पचडी, खमंग काकडी यांनीच ती घरात टिकवून ठेवली. फक्त खाली बसून विळीवर दोन किलो भाजी रोज चिरणे गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून ओट्यावर उभ्याने चालणारी आठ इंची सुरी, एक जड पाटी आणि पट्टी बदलता येणारा स्लायसर घ्यावा. सुरी महाग असण्यापेक्षा धारदार असणे महत्त्वाचे. बोथट पात्याखाली पाने चेचली जातात, काळी पडतात आणि लवकर नासतात. सायकलवर दगड घेऊन गल्लीतून फिरणारे धारवाले उपनगरांत अजून येतात. महिन्यातून एकदा त्यांच्याकडून धार लावून घेणे पुरते. पाटी लाकडी की प्लास्टिकची, या वादावर अमेरिकेत डीन क्लायव्हर यांनी १९९० च्या दशकात केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. चांगल्या लाकडावर जंतू टिकून राहत नाहीत, वापरून चरे पडलेल्या प्लास्टिकवर राहतात, असे त्यांना आढळले. मुंबईत यात पावसाळ्याची भर पडते. जून ते सप्टेंबर लाकूड वाळतच नाही आणि त्यावर बुरशी धरते. त्या चार महिन्यांत प्लास्टिकची पाटी वापरावी आणि चरे पडले की टाकून द्यावी, हा व्यवहार्य मार्ग.

मोड आणायला कुठलेही नवे साधन लागत नाही. मूग, मटकी रात्रभर भिजवून, उपसून, ओल्या फडक्यात बांधून ठेवणे कोणत्याही मराठी घराला शिकवावे लागत नाही. मात्र उसळीचे मोड आणि कच्चे खायचे मोड यांची काळजी सारखी नसते. मोडांना लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. जर्मनीत २०११ मध्ये मेथीच्या मोडांतून ई. कोलायची साथ पसरली. जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. दोष दाण्यांतच होता, मोड आणणाऱ्यांच्या हाताला त्याचा पत्ता लागण्यासारखे काहीच नव्हते. निदान भांडे स्वच्छ राहावे म्हणून जाळीच्या झाकणाच्या काचेच्या बरण्या फडक्यापेक्षा बऱ्या. त्या गरम पाण्याने धुता येतात आणि आतले दिसते. दाणे दिवसातून तीन वेळा शुद्ध पाण्याने धुवावेत. मे महिन्यात आठ-दहा तासांत मोड डोकावतात, तेवढ्यावरच ते फ्रिजमध्ये न्यावेत आणि दोन दिवसांत संपवावेत. आंबूस वास आला किंवा बोटाला तार लागली तर बरणी रिकामी करावी. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि आजाराने प्रतिकारशक्ती कमी झालेले यांनी मोड वाफवूनच खावेत.

वाटण्याकडे आल्यावर कच्च्या आहाराची चव मराठी जिभेला ओळखीची वाटू लागते. चैत्रातल्या हळदीकुंकवाची आंबेडाळ म्हणजे भिजवलेली हरभऱ्याची डाळ कैरीबरोबर भरड वाटलेली. फोडणी सोडली तर ती कच्चीच असते. सोलकढीत नारळाचे दूध आणि आमसूल, शिजवणे नाही. या दोन्हींना ५०० ते ७५० वॉटचा घरचा मिक्सर पुरतो. ‘सुमीत’ या ब्रँडने १९६० च्या दशकापासून मुंबईच्या घरांत रुजवलेला हा मिक्सर ओले-कोरडे वाटण डोळ्यांसमोर ठेवूनच घडला आहे. सलग फिरवला तर भांडे तापते आणि वाटणही गरम होते, म्हणून थांबून थांबून फिरवावा, वाटताना थंड पाणी घालावे. हजार वॉटच्या वरचा ब्लेंडर काजू-बदामाचे मऊसूत लोणी आणि पाल्याचे पेय रोज करणाऱ्यालाच उपयोगी. तो घेण्याआधी वर्षभर मिक्सरवर काम करून पाहावे. नारळासाठी ओट्याला चिकटणारी, हँडल फिरवायची खवणी आणि दूध पिळायला मलमलचे धुतलेले फडके एवढे बास.

ज्यूसरबद्दल थोडक्यात सांगता येते. तो चोथा टाकतो, साखर ठेवतो आणि त्याची जाळी घासायला रस प्यायला लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ जातो. रोज दुधीचा रस घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. कडू दुधीत कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. दिल्लीत २०१० मध्ये असा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने कडू रस अजिबात घेऊ नये असे बजावले. रस काढण्याआधी दुधीचा तुकडा चाखणे हीच इथली तपासणी. दुधी शिजवला तरी ही विषे जात नाहीत, पण भाजीतला कडवटपणा पहिल्या घासात कळतो. इतर रसांत मिसळलेला दुधी एका दमात पोटात जातो.

फ्रिजच्या आतले तापमान ५ अंशांखाली राहते का, हे दोनशे-तीनशे रुपयांच्या तापमापकाने पाहावे. खच्चून भरलेल्या फ्रिजमध्ये ते बहुधा राहत नाही. कच्चे खाणाऱ्या घरात दूध, मासळी आणि उरलेले जेवण यांच्या खाली कधीही धुतलेली भाजी ठेवू नये, थेंब खाली पडतात. धुतलेला पाला झाकणाच्या डब्यात, तळाला कोरडे कापड घालून ठेवावा. मुंबईत वीज सहसा जात नाही, पण १२ ऑक्टोबर २०२० सारखा, शहरभर वीज गेल्याचा दिवस येतो. फ्रिज न उघडता चार तास निभतात, त्यानंतर मोड आणि चिरलेली फळे टाकून द्यावीत.

वाळवण्यासाठी डीहायड्रेटर हवा का, याचे उत्तर ऋतूवर आहे. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरचे ऊन जुन्या वाळवणांसारखेच भिजवलेले बदाम, जवसाच्या चकत्या आणि आंब्याची पोळी वाळवते. पावसाळ्यात दमट हवेत ते शक्य नसते. ५०० वॉटचे यंत्र दहा तास चालले तर पाच युनिटपर्यंत वीज जाते. ४६ अंशांना जंतू मरत नाहीत हेही ध्यानात ठेवावे. पावसाळ्यात ताजे खाणे जास्त स्वस्त आणि जास्त सुरक्षित.

काही वस्तूंना या ओट्यावर जागाच नाही. राजमा कच्चा किंवा अर्धवट शिजवलेला खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात. वाल, पावटा आणि सोयाबीनही कच्चे नकोत. अळू आणि सुरण घसा खाजवतात. पावसाच्या सुरुवातीला बोरिवलीच्या बाजारात आदिवासी बायका शेवळे घेऊन बसतात. त्यांची खाज मारायला काकडे ही रानफळे घालून ती शिजवावीच लागतात, आणि रानभाज्या नैसर्गिक म्हणून कच्च्या चालतील असे मानणे धोक्याचे आहे. उलट काही वस्तू कच्च्या म्हणून विकल्या जातात पण कच्च्या नसतात. काजूच्या टरफलातले तेल त्वचा भाजते, म्हणून बी फोडण्याआधी वाफवली किंवा भाजली जाते. पोहेही भात भिजवून, भाजून कांडलेले असतात. दडपे पोहे शेगडीविना होतात, पण काटेकोर अर्थाने कच्चे नाहीत. त्याने आहाराचे काही बिघडत नाही. बी-१२ मात्र या आहारातून मिळत नाही, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने वेगळे घ्यावे लागते.

उत्साहाच्या भरात काही जण शेगडी काढून टाकून गॅसची जोडणीच बंद करतात. तसे करू नये. पालिकेने पाणी उकळायला सांगितले, मोडांच्या बरण्या उकळत्या पाण्याने धुवायच्या झाल्या, घरात कुणी आजारी पडले किंवा पावसाने पालेभाजीचा भरवसा उरला नाही, तर एक बर्नर चालू लागतो. खर्चाचा क्रम असा धरावा: आधी पाण्याचे यंत्र आणि फ्रिजची जागा, मग दोन सुऱ्या आणि दोन पाट्या, मग रुंद पातेली, रोळ्या आणि बरण्या. घरात मिक्सर असेल तर यानंतर काहीही विकत घेतले नाही तरी कच्च्या आहाराचा ओटा पूर्ण होतो.